आरती लागनी वाटस

आमचे जावई पुण्याचे, त्यातही कोथरूडचे, त्यातही दरवर्षी सवाई गंधर्वला तिन्ही त्रिकाळ हजर असणारे. नंदुरबारच्या माणसाला गाण्यातलं काही कळत असेल ही शक्यता त्यांनी साखरपुड्यातच निकालात काढली होती. आता ते लंडनला नोकरी करतात आणि तिथल्या लोकांना चहा कसा करावा हे समजावून सांगतात.

2024 च्या मार्चमध्ये आम्ही दोघं लेकीकडे गेलो. तिकिटं जावयांनी स्वस्त बघून काढली आणि मी पंचांग न बघता हो म्हटलं. विमानात बसल्यावर हिने कालनिर्णय काढलं (ही विमानातही कालनिर्णय नेते) आणि म्हणाली, "अहो, चोवीसला होळी." मी पट्टा सोडायला लागलो. हवाईसुंदरीने हातानेच खाली बसवलं.

होळीचं एवढं काय, असं कोथरूडला वाटेल. पण मी काठीच्या होळीचा वारकरी. अक्कलकुव्याहून घाट चढून मोलगी, मोलगीच्या पुढे काठी. सातपुड्यातलं एके काळचं संस्थान. तिथली होळी 'राजवाडी होळी' म्हणून ओळखली जाते आणि ती 1246 पासून चालत आली आहे असं तिथले लोक सांगतात. संध्याकाळपासून डोंगराडोंगरातून ढोल उतरू लागतात, रात्रभर नाच, आणि साठ-सत्तर फुटी बांबू उभारून रचलेली होळी पेटते ती थेट पहाटे. माझी पहिली बदली मोलगीच्या बाजूला झाली, तेव्हा आईने पेढे वाटायचे सोडून नवस बोलला होता. त्याच वर्षी कोणीतरी मला काठीला नेलं. त्यानंतर लेकीची दहावी आणि माझा हर्निया ही दोन वर्षं वगळता तोवर माझी हजेरी पूर्ण होती. शाळेतलीसुद्धा इतकी नव्हती.

होळीच्या रात्री मी लंडनमध्ये अंथरुणात पडून मोबाइलवर काठीचा व्हिडिओ बघत होतो. चार इंची होळी. आवाज कमी करा, बाळ झोपलंय, असं लेकीने दोनदा बजावलं.

सकाळी माझा चेहरा बघून जावयांना दया आली. "बाबा, वाईट वाटून घेऊ नका. शुक्रवारी तुम्हाला रॉयल अल्बर्ट हॉलला नेतो. हँडेलचा 'मेसाया'."

"कशाचा मसाला?" ही आतून म्हणाली. लाल मिरचीच्या गावची बाई, दुसरं काय ऐकू येणार?

"मेसाया, आई. ओरॅटोरिओ आहे. बरोक काळातलं धार्मिक संगीत. गुड फ्रायडेला तिथं हे 1876 पासून गातात. युद्ध, साथ असलं काही आलं तरच खंड." मग माझ्याकडे वळून, आवाज हळू करून, "जरा लांबतं बरं का. अडीच तास. बसवेल ना तुम्हाला?"

काठीला रात्री नऊ ते सकाळी सहा उभ्याने काढणाऱ्या माणसाला हा प्रश्न! मी काही बोललो नाही. जावई आहेत.

होळी आणि गुड फ्रायडे एकाच आठवड्यात कसे, याचा उलगडा मला पंचांगानेच झाला. आपली होळी फाल्गुनी पौर्णिमेची. ईस्टरचा हिशोबही चंद्रावरच बसवलेला: वसंतसंपात उलटला की पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्याच्या आधीचा शुक्रवार तो गुड फ्रायडे. एखाद्या वर्षी दोघांच्या वाट्याला पौर्णिमा एकच येते, तशी ती 2024 ला आली होती. काठीच्या आणि लंडनच्या डोक्यावर चंद्र एकच, तिकीट मात्र एकाच ठिकाणी.

जाण्याआधी तयारी म्हणून मी नवापूर तालुक्यातल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. नवापूरकडे ख्रिस्ती वस्ती बरीच आहे. चिंचपाड्याचं मिशनचं हॉस्पिटल तर सगळ्या जिल्ह्याला माहीत. हा गडी मावची बोलीत भजनं बांधतो आणि चर्चमध्ये ढोलकी घेऊन गातो. तो म्हणाला, "गुरुजी, ते तर आमच्या घरचं गाणं. तीन गोष्टी ध्यानात ठेवा. जेवून जाऊ नका, झोप लागेल. मध्येच टाळ्या वाजवू नका. आणि सगळे उठले की उठा."

"का उठायचं?"

"ते राजाला माहीत," असं म्हणून त्याने फोन ठेवला. मला वाटलं, बॅलन्स संपला असेल.

ओरॅटोरिओ म्हणजे काय, हे जावयांनी ट्यूबमध्ये तीन स्टेशनं समजावलं. मी ते एका वाक्यात सांगतो: पडदा नाही, पोशाख नाही, अभिनय नाही, गोष्ट मात्र सगळी, म्हणजे कीर्तनाचा उत्तररंग. बुवा जसे जागचे न हलता रामही होतात आणि रावणही होतात, तसे इथे चार गवई सूट-झग्यात उभे राहून देवदूत, संदेष्टे आणि मेंढपाळ होतात, आणि मागचे टाळकरी म्हणजे कोरस. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनं उगाच नाही केली. माप आधीच जुळलेलं होतं. हे मी जावयांना सांगितलं. ते म्हणाले, "इतकं सोपं नाही ते, बाबा." कोथरूडला कुठलीच गोष्ट सोपी असलेली चालत नाही.

हॉल बघितला आणि मी गप्प झालो. लाल विटांची भलीमोठी गोल पेवाची कोठी, वर काचेचा घुमट. आत पाच हजारांवर माणूस बसतं. राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट 1861 ला गेला. त्याच्या नावाने हा बांधला. उद्घाटन 29 मार्च 1871 ला झालं, म्हणजे आम्ही गेलो तो हॉलचा वाढदिवस निघाला. उद्घाटनाला राणीला इतकं भरून आलं की तिला बोलवेना, आणि हॉल खुला झाल्याचं युवराजालाच सांगावं लागलं. ते त्याने सांगितलं आणि हॉलने ते परत सांगितलं, कारण घुमटात प्रतिध्वनी! शंभर वर्षं तो कोणाला आवरला नाही. इंग्रज संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकू येण्याची खात्री फक्त याच हॉलमध्ये, असा तिथला जुना विनोद आहे. शेवटी 1969 ला छताला मोठमोठ्या तबकड्या टांगल्या तेव्हा तो जरा दबला. त्या तबकड्या खालून थेट उलट्या टांगलेल्या अळंब्यांसारख्या दिसतात. हिने त्यांचा फोटो काढला, राणीच्या फोटोआधी.

स्टेजच्या मागे भिंतभर ऑर्गन आहे. त्याला 9,999 नळ्या आहेत म्हणे. आणि हॉलमधल्या बाराशेवर खुर्च्या खासगी मालकीच्या, 999 वर्षांच्या कराराने दिलेल्या. 9,999 आणि 999! हे आकडे ऐकून मला राणीपेक्षा बाटाचं दुकान आठवलं. खुर्चीचा सातबारा कसा निघत असेल, वारस नोंद कोणता तलाठी लावत असेल, पाचव्या पिढीत एका खुर्चीवर किती भाऊबंद बसत असतील, अशा विचारात मी होतो तेवढ्यात जावयांनी कोपराने खूण केली. सुरू झालं होतं.

सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं मी सांभाळून होतो. पण मग एक गवई एका शब्दावर गेला आणि तिथेच राहिला. एका अक्षरावर तो पायऱ्या चढला, उतरला, पुन्हा चढला. मी जावयांकडे झुकून म्हणालो, "तान आहे ही." जावयांनी ओठांवर बोट ठेवलं. कोरसचं तर आणखी मजेचं. एक ओळ आधी बायकांनी घ्यायची, मग जाड्या आवाजाच्या पुरुषांनी, मग मधल्यांनी, आणि मग सगळ्यांनी एकमेकांच्या अंगावर जाऊन तीच म्हणायची. आमच्या ग्रामसभेत असंच होतं. फरक इतकाच की यांचं शेवटी एका सुरात मिटतं.

आमच्या जागा बऱ्याच वर होत्या. पण जावयांकडे पक्षी बघायची दुर्बीण होती (जावयांकडे प्रत्येक गोष्टीची दुर्बीण असते), आणि त्या दुर्बिणीतून मला तो दिसला.

ऑर्केस्ट्राच्या मागच्या कोपऱ्यात तांब्याच्या मोठ्या हंड्यांसारखे नगारे आणि त्यांच्यामागे एक माणूस. वय पन्नाशीच्या पुढे, काळा कोट, दोन्ही हात गुडघ्यांवर. तो वाजवत नव्हता. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, पाचवं झालं. तो नव्हता वाजवत. व्हायोलिनवाल्यांना घाम फुटला होता, कोरसची दोनदा उठबस झाली होती, तुताऱ्यांना निदान एकदा तरी फुंकायला मिळालं. हा आपला तलाठी कार्यालयासमोर बसलेल्या शेतकऱ्यासारखा शांत. मध्ये एकदा तो ओणवा झाला, नगाऱ्याच्या चामड्याला कान अगदी चिकटवला, बोटाच्या पेराने टकटक केलं, खाली पायाने काहीतरी दाबलं, पुन्हा ऐकलं. झालं, वाजवणार! मी दुर्बीण घट्ट धरली. तो सरळ झाला आणि पुन्हा हात गुडघ्यांवर.

मी दुर्बीण हिच्याकडे दिली. ती अहिराणीवर आली, म्हणजे तिला मनापासून काळजी वाटली. "हाऊ बिचारा कव्हय वाजाडी?"

जावयांना विचारणं भाग होतं. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या कडेला पेन्सिलने लिहून दिलं: 'नगारा फक्त दोन ठिकाणी. हालेलूया, आणि अगदी शेवटी.'

ही वाचून गंभीर झाली. "याले पगार पुरा भेटस का?"

माझ्या डोळ्यांसमोर काठीचा ढोलवाला. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत येणारा ढोल, त्याचं वजन मी एकदा उचलून पाहिलंय, दुसऱ्यांदा पाहिलं नाही. तो संध्याकाळी सुरू करतो आणि सूर्य वर आला तरी त्याचा हात खाली येत नाही. त्याच्याभोवती बावा-बुध्या नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगावर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे. हे नवसाचे लोक. होळीच्या आधी काही दिवस पाळणी धरतात: खाटेवर झोपायचं नाही, आंघोळ नाही, संसार बाजूला. एवढं करून रात्रभर नाचायचं. त्या रात्री कोणी कोणाला 'बसवेल ना?' असं विचारत नाही, कारण बसायची सोयच नसते. आणि इथे हा भला माणूस दोन तास बसून राहतो, का, तर पुढे चार मिनिटं वाजवायचंय. खरं सांगतो, मला आधी हसू आलं. मग वाटलं, वाजवायला हात लागतात, पण दोन तास न वाजवता जागं राहायला काय लागत असेल? मी छत्तीस वर्षं शाळेत होतो. शिकवण्यापेक्षा प्रशिक्षणाला बसणं अवघड, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

याच चिंतनात मला ठसका आला.

नंदुरबारात मिरचीच्या पथाऱ्या पडल्या की हवेतच तिखट असतं. आम्हाला त्या ठसक्याचं काही वाटत नाही. आमच्याकडे भाषणं, लग्नं, अंत्ययात्रा सगळं ठसक्यासकट पार पडतं. पण एक बाई एकट्याने अगदी हळू, कापसासारख्या आवाजात दुःखाचं गाणं म्हणत असताना पाच हजार माणसांत एकच ठसका म्हणजे काय, ते त्या दिवशी समजलं. तबकड्या लावूनही तो ठसका घुमटात जाऊन परत आला असं मला वाटतं. जावयांनी खिशातून खडीसाखर काढून दिली. त्यांच्याबद्दल मी वर जे लिहिलं त्यातलं निम्मं मागे घेतो.

मध्यंतरात लोकांनी आइस्क्रीम खाल्लं. छोट्या डब्यांतून, लाकडी चमच्याने, मजेत. ही अस्वस्थ. "उपासना दिन शे ना आज?" मी म्हणालो, आपली एकादशी आणि दुप्पट खाशी, तसं असेल. तिला ते पटलं आणि तिने व्हॅनिला घेतलं.

या 'मेसाया'चा जन्म मला फार आवडला, म्हणून तो इथे सांगून टाकतो. हँडेल मूळचा जर्मन, राहिला लंडनला. 1741 मध्ये 22 ऑगस्टला लिहायला बसला आणि 14 सप्टेंबरला उठला. 24 दिवसांत सगळं तयार. पहिला प्रयोग डब्लिनला, 13 एप्रिल 1742. गर्दी इतकी होणार असं दिसल्यावर आयोजकांनी जाहीर विनंती केली: बायकांनी घेरदार झग्याखालच्या कड्या घालून येऊ नये, पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात. त्यामुळे सहाशेंच्या हॉलमध्ये सातशे माणूस मावलं. (ही विनंती काठीला करून बघा. बुध्याला म्हणा, भोपळे आणि टोप घरी ठेवून ये, शंभर माणसं जास्त मावतील.) पैसा गेला दोन दवाखान्यांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना. त्यातून 142 कैदी सुटले. म्हणजे ज्याला जग थोर संगीत म्हणतं, त्याच्या पहिल्या प्रयोगाला 142 सातबारे कोरे झाले. आमच्याकडे कर्जमाफीवर इतकी भाषणं झाली, गाऊन बघायचं कोणाला सुचलं नाही.

उत्तरार्ध सुरू झाला. मी आता गायकांकडे बघतच नव्हतो. दुर्बीण नगाऱ्यावर. बराच वेळ गेला. आणि मग तो माणूस उठून उभा राहिला. कोटाची बटणं नीट केली. काठ्या उचलल्या. मी हिला चिमटा काढला.

आणि त्याच्याबरोबर सगळा हॉल उठला! पाच हजार माणसं एकदम. खुर्च्यांचा खडखडाट. ही दचकून उभी राहिली, पदर सावरला, हात जोडले आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आरती लागनी वाटस."

जावयांनी ते ऐकलं. ते सुधारणार होते, त्यांचं तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात नगारा वाजला, नशीब. चार मिनिटं. दोन तासांचं सगळं व्याज त्याने त्या चार मिनिटांत वसूल केलं. तुताऱ्या, ऑर्गन, शेकडो गळे, आणि खाली तो तांब्याचा गडगडाट. माझ्या पायांना सवयीने ठेका धरायचा होता. मी उजवा पाय डाव्या पायाने दाबून धरला. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्या बाईंनी ते बघितलं आणि गोड हसल्या. त्यांचाही पाय हलत होता.

घरी येताना विचारलं, लोक का उठतात? तेव्हा राजा निघाला. 1743 ला लंडनमध्ये प्रयोग झाला, त्याला दुसरा जॉर्ज राजा हजर होता, हालेलूयाला तो उठून उभा राहिला, आणि राजा उभा म्हटल्यावर दरबाराला बसता येईना. राजा का उठला? भक्तीने, म्हणतात. पायाला मुंग्या आल्या म्हणून, असंही म्हणतात. डुलकीतून दचकून, असंही म्हणतात. गंमत अशी की राजा त्या प्रयोगाला होता याचाच पुरावा नाही. जी काही कथा आहे ती 37 वर्षांनी, 1780 च्या एका पत्रात, आणि तीही ऐकीव. आमच्या गावात वाघ बघितलेला माणूस कधी भेटत नाही, वाघ बघितलेल्या माणसाचा मेहुणा भेटतो, त्यातलाच प्रकार. पण पावणेतीनशे वर्षं लोक उठतायत. नसलेल्या राजाला इतका मान मिळतो, तर असलेल्यांनी विचार करावा.

आणि मग मला काठी समजली. संस्थान गेलं, राजा गेला, खलिते, तनखे सगळं गेलं. पण होळी 'राजवाडी'च. आजही आधी राजगादीची पूजा होते आणि मग ढोलावर पहिली थाप पडते. गादीवर कोण आहे, कोणी विचारत नाही. अल्बर्टच्या हॉलमध्येही राजघराण्याची खास जागा आहे. आम्ही गेलो तेव्हा तिकडे कोणी आहे का, हे मी दुर्बिणीतून बघायचंच विसरलो. नगारेवाल्यापुढे कोणाची आठवण राहणार?

हे मी जावयांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते विचारात पडले. "बाबा, एकदा बघायला हवी तुमची होळी."

"उभं राहवेल ना तुम्हाला?" मी विचारलं. वर्षभर हा प्रश्न पोटात ठेवला असता तर गॅस झाला असता.

2025 ला होळी 13 मार्चला होती. जावई खरंच आले. तळोदा, अक्कलकुवा, घाट, मोलगी. आदल्या आठवड्यातल्या भोंगऱ्या बाजारात लोकांनी हार-कंगण, दाळ्या, खजूर घेऊन ठेवलेले. जावयांनीही एक हार गळ्यात घातला आणि खाऊन टाकला. दुर्बीण होती, नी-कॅप होती, घडीचं स्टूलही होतं, पण ते गर्दीत कोणाच्या तरी आजीने मागून घेतलं. ढोल सुरू झाले तसे ते हरखले. ताल मोजू लागले. कुठला ताल ते ठरवता येईना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. एक वाजता त्यांनी शेजारच्या भोपळेवाल्या पोराला विचारलं, "मध्यंतर कधी असतं?"

पोराने त्यांच्याकडे नीट बघितलं. "सकाळी," तो म्हणाला, आणि नाचात शिरला.

अडीचला ते दिसेनासे झाले. शोधलं तर एका घराच्या ओट्यावर खाट, खाटेवर जावई, दुर्बीण छातीवर. घरातल्या बाईंनी अंगावर गोधडीही टाकली होती. तीस पावलांवर शंभर ढोल चाललेले, आणि हा माणूस झोपलाय. मला तो लंडनचा नगारेवाला आठवला. दोन तास रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून जागा.

हिला म्हटलं, उठवतो. ही म्हणाली, राहू द्या, विमानातून आलेत, शरीर अजून लंडनच्या घड्याळावर असेल. पहाटे बांबू पेटला. आगीचा लोळ वर गेला, गर्दीतून आरोळी उठली, ढोल असे काही तापले की ओट्यावरची भांडी हलली असतील. आम्ही दोघं हात जोडून उभे.

उजाडल्यावर जावई डोळे चोळत आले. केसांत गोधडीचा धागा. राखेतून अजून धूर निघत होता. "आई, सुरुवात झाली का?"

हिने थर्मासचं झाकण उघडलं. "व्हयनी बी आन् सरनी बी. च्या ल्या."